जिन्यातला छापखाना

हमालांच्या मुकादमानं दोन्ही हात कमरेवर ठेवून आधी मशीनकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, मग धाकट्यांकडे पाहिलं. तिघांपैकी चूक कुणाची हे त्याला लगेच समजलं आणि तो धाकट्यांना म्हणाला, "साहेब, हे वर जात नाही."

"मग खाली घ्या."

"खालीही जात नाही."

"आलं तर खालूनच ना?"

"आलं खरं. पण येताना ते तिरकं होतं. आता सरळ झालंय."

साडेचारशे किलोची वस्तू एकदा सरळ झाली की तिला पुन्हा तिरकं व्हायला सांगणारा माणूस मुकादमाच्या पाहण्यात नव्हता. त्यानं घाम पुसला, वहिनींनी आणलेला चहा घेतला, कपात साखर कमी होती हेही सांगितलं, आणि आपली तीन माणसं घेऊन तो निघून गेला. मागे राहिलं ते पायानं चालवायचं छपाईचं मशीन. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीकडे तोंड करून, रुसलेल्या पाहुण्यासारखं.

तो लिफ्ट नसण्याचा काळ होता. माणसं एकमेकांना जिन्यातच भेटायची, आणि दम लागलेला असल्यामुळे एकमेकांचं ऐकूनही घ्यायची. त्यामुळे अर्ध्या तासात सगळी इमारत मशीनभोवती जमली. मशीनच्या आणि भिंतीच्या मधून एका वेळी एकच माणूस आडवा होऊन जाऊ शकत होता, म्हणून जमली म्हणजे अर्धी वर जमली आणि अर्धी खाली.

"तेल घाला," तळमजल्यावरचे मास्तर खालून म्हणाले. मास्तर निवृत्त होते आणि तेलावर त्यांचा फार विश्वास होता.

"कुठं घालू?"

"सगळीकडे."

दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरकाकूंनी मशीनच्या पायट्यावर चप्पल ठेवून तो हळूच दाबून पाहिला. "माझ्या मशीनसारखंच आहे की. फक्त माजलेलं आहे."

सोसायटीचे सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहत. ते वरच्या अर्ध्या गर्दीत होते. "धाकटे," ते म्हणाले, "हे इथं किती दिवस?"

धाकटे म्हणाले, "दोन दिवस."

धाकट्यांचे थोरले बंधू पूर्वी याच इमारतीत राहायचे. ते बदली होऊन गेले, पण धाकटे धाकटेच राहिले. चाळिशी जवळ आली, कानावरचे केस पांढरे झाले, धाकट्यांच्या पत्नी तर लग्न होऊन आल्या त्याच दिवसापासून सगळ्यांच्या वहिनी झाल्या, पण यांच्या नावापुढे कुणी काही वाढवलं नाही. ऑफिसातही नाही. बांधकाम परवानगी खात्यात टेबल क्रमांक सातवर, 'जिने, गच्च्या व सामाईक जागा' या पाटीखाली, बारा वर्षं ते लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढत बसले होते. एखाद्याला गाण्याचा कान असतो तसं धाकट्यांना त्रुटीचं नाक होतं. अर्ज टेबलावर यायच्या आधी, दारातून येतानाच, त्यांना वास यायचा की याला नकाशाची तिसरी प्रत जोडलेली नाही.

आणि अशा माणसानं मशीन आणण्यापूर्वी जिना मोजला नव्हता काय? मोजला होता. तिथंच तर खरी गंमत आहे. त्यांनी जिना ऑफिसात मोजला होता. इमारतीचा मंजूर नकाशा खात्याच्या कपाटातून काढून, पट्टी लावून, दोनदा. नकाशात जिना चार फूट रुंद होता. रोज सकाळ-संध्याकाळ ज्या जिन्यातून ते पिशवी अंगाशी धरून चढत-उतरत होते तो जिना सव्वातीन फुटांचा आहे, हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं, पण पायांनी ते कधी लेखी कळवलं नव्हतं.

आता हे मशीन आलं कुठून, ते सांगायला हवं.

धाकट्यांच्या शाळेसमोर एक छापखाना होता. त्याचे मालक, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा, मशीन चालवणारा आणि शिपाई हे सगळे एकच गृहस्थ होते, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. "मालकांना सांगा, आज शाई संपलीय," असं ते स्वतःशीच मोठ्यानं बोलत. सगळं गाव त्यांना मालकच म्हणायचं. शाळेच्या सुट्टीत सगळी मुलं खेळायला जायची तेव्हा धाकटे छापखान्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. आत शाईचा आणि रॉकेलचा वास असायचा. मशीनचा एक ठेका असायचा, त्यावर मान आपोआप हलायची. दर हेलकाव्याला एक कोरा कागद आत जायचा आणि बोलायला लागलेला कागद बाहेर यायचा. कधी औषधाच्या बाटलीचं लेबल, कधी कुणाच्या दुकानाचं बिलबुक. मजकूर काय आहे याच्याशी धाकट्यांना कर्तव्य नव्हतं. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत मालकांनी त्यांना शिशाचे वापरलेले खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं काम दिलं. 'क' क-च्या खणात, काना कान्याच्या खणात. पुढच्या आयुष्यात धाकट्यांना पगार मिळाला, बढती मिळाली, पंखा जवळ असलेली खुर्ची मिळाली, पण त्या सुट्टीत दुपारी चारच्या उन्हात हात काळे करून घरी जाताना जे वाटायचं ते काही पुन्हा मिळालं नाही.

मग नोकरी. बारा वर्षं त्रुटी. या बारा वर्षांत धाकट्यांनी नामंजूर अर्जांच्या कोऱ्या पाठींवर तेवीस गोष्टी लिहिल्या. एका पोस्टमनला चालायचा कंटाळा येतो म्हणून तो सगळ्या गावाला आपल्याच घरी राहायला बोलावतो, अशा त्या गोष्टी. तीन प्रकाशकांनी त्या परत पाठवल्या. चौथ्यानं लिहिलं, 'गोष्टी चांगल्या आहेत, पण कुणासाठी ते कळलं नाही.' हे धाकट्यांनाही ठाऊक नव्हतं.

आणि मग एक दिवस मालकांच्या छापखान्याच्या दारावर 'बंद' अशी पाटी लागली. पाटी सुंदर छापलेली होती. धाकटे आत गेले.

"मशीन भंगारात चाललंय," मालक म्हणाले. "तुला हवंय?"

धाकट्यांनी विचार न करता हो म्हटलं. आयुष्यात त्यांनी विचार न करता केलेली ही पहिलीच गोष्ट, त्यामुळे ती कशी करायची असते हे त्यांना माहीत नव्हतं.

"चालवणार असशील तर ने," मालकांनी बजावलं. "शोभेला ठेवणार असशील तर भंगारवाला बरा. तो निदान खोटं बोलत नाही."

"चालवीन ना. माझं पुस्तक छापणार आहे."

"मी बघायला येईन."

"या की."

"या की म्हणू नकोस. मी खरंच येतो."

तर ते मशीन आता जिन्यात होतं.

मशीनपाठोपाठ खिळ्यांच्या लाकडी पेट्या आल्या. त्या धाकट्यांनी स्वतःच एकेक करून वर न्यायच्या ठरवल्या, आणि सातवी पेटी नेताना मशीनला वळसा घालण्यासाठी ते आडवे झाले. पेटी काही आडवी होणारी नव्हती. ती उलटी झाली. चार-पाच हजार अक्षरं खडखडत अडीच मजले खाली गेली आणि मास्तरांच्या दाराशी जाऊन थांबली. मास्तर दार उघडून बाहेर आले, पायाशी बघितलं आणि म्हणाले, "धाकटे, वाचायला जरा अवघड आहे."

त्यानंतर दोन महिने इमारत अक्षरं परत करत होती. चपलेत सापडलेलं, केरातून निघालेलं, मांजरानं आणलेलं. टेलरकाकूंच्या बटणांच्या डब्यात एकवीस निघाली, पण त्यांनी त्यातली दोन ठेवून घेतली, वजनाला बरी म्हणून. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर धाकटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर खिळ्यांचा ढीग ओतायचे आणि वेचायला बसायचे. सुरुवातीला वहिनी नुसत्या बघायच्या. मग एकदा त्यांनी खुर्ची ओढली.

"हा कसला?"

"वेलांटी."

"आणि हा?"

"तीच. उलटी धरलीय तुम्ही."

"तुम्ही ऑफिसातून आल्यावर इतकं बोलता हे मला माहीतच नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

खिळे वेचून झाले तशी त्यातूनच पोस्टमनच्या गोष्टीची पहिली चार पानं जुळली. लोखंडी चौकटीत आवळून ती पलंगाखाली ठेवली गेली. छापायचं तेवढं राहिलं होतं.

पण छापायचं कसं? दोन दिवसांचे चार महिने झाले होते आणि मशीनचा जिन्याला लळा लागला होता. पेपरवाला सगळ्यांचे पेपर मशीनवर ठेवून जायचा. कुणी छत्र्या अडकवल्या. मास्तर वर येताना तिथं टेकून गुडघ्यांना दोन मिनिटं द्यायचे. सोसायटीच्या सभेत मशीनला पाहुणा समजायचं की भाडेकरू यावर दीड तास चर्चा झाली आणि तो पाहुणा असल्याचं सात विरुद्ध पाच मतांनी ठरलं. विरोधातल्या पाचांतले एक सेक्रेटरी होते. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली: सामाईक जागेत अवजड वस्तू ठेवण्याची परवानगी महिन्याअखेर दाखवावी, नपेक्षा वस्तू भंगारवाल्यास देण्यात येईल. भंगारवाला येऊन बघूनही गेला. सबंध काही जायचं नाही, म्हणाला, कापून तुकडे करूनच न्यावं लागेल.

त्या रात्री धाकटे जेवले नाहीत. सकाळी ऑफिसात जाऊन त्यांनी परवानगीचा अर्ज भरला आणि आवक खिडकीत दिला.

तिसऱ्या दिवशी तो अर्ज टेबल क्रमांक सातवर आला.

स्वतःचा अर्ज स्वतः तपासू नये असा नियम होता. पण 'हा अर्ज माझा आहे' असं कळवण्यासाठी एक वेगळा अर्ज असतो आणि त्याच्या मंजुरीला तीन महिने लागतात. म्हणून धाकट्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपला अर्ज वाचायला घेतला. आधी त्यांनी ठरवलं होतं की डोळे मिटून शिक्का मारायचा. पण वास आला. वस्तूच्या वजनाचा दाखला नव्हता. जिन्याची रुंदी मंजूर नकाशाशी जुळत नव्हती, म्हणजे मुळात जिनाच बेकायदेशीर होता. शेजाऱ्यांच्या संमतीपत्रावर मास्तरांनी सहीऐवजी 'वाचले' असं लिहिलं होतं. बारा वर्षांची सवय बोटांत उतरली, बोटं लिहीत सुटली, आणि चौदा त्रुटी काढून धाकटे थांबले तेव्हा त्यांच्या कपाळावर समाधानाचा घाम होता. एका टपोऱ्या अक्षरातल्या अर्जाचा इतका देखणा निकाल त्यांनी यापूर्वी लावला नव्हता.

दोन दिवसांनी पत्र घरी आलं. वहिनींनी ते मोठ्यानं वाचलं. "'अर्जदारास सामाईक जागा या संकल्पनेचे प्राथमिक आकलनही नसल्याचे दिसून येते.' अहो, किती उर्मट माणूस आहे हा."

"नियमाप्रमाणे लिहिलंय त्यानं," धाकटे पडलेल्या आवाजात म्हणाले.

"'अर्जदाराने यापुढे खात्याचा वेळ घेताना विचार करावा.' हे नियमात आहे?"

"ते त्यानं मनचं घातलंय."

"मग भेटा ना जाऊन त्याला. दोन शब्द सुनवा."

धाकट्यांनी पत्राची घडी घातली. लोकांना आपली पत्रं घरी पोचल्यावर काय वाटत असेल हा प्रश्न बारा वर्षांत त्यांना पडला नव्हता. तो आता पडला, आणि पडल्यावर जवळजवळ मशीनइतकाच जड निघाला.

त्या पत्राची प्रत खात्याच्या मोठ्या साहेबांकडे गेली होती. त्यांनी धाकट्यांना बोलावून घेतलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"कुणाच्या अर्जावर?"

"माझ्या."

साहेबांनी चष्मा काढला. तो त्यांनी पुसला, पुन्हा घातला. "स्वतःच्या अर्जातही चौदा त्रुटी," ते हळव्या आवाजात म्हणाले. "तीस वर्षं मी अशा माणसाची वाट बघतोय." मुख्य कचेरीत त्रुटी विभागाचे प्रमुख हवे होते. स्वतंत्र खोली, गावाबाहेर क्वार्टर, आणि हाताखाली त्रुटी काढणारे अकरा जण. मुलाखत म्हणजे नुसता उपचार होता. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेअकराला.

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "क्वार्टर म्हणजे हे घर सोडायचं?"

"हो."

"आणि ते?" त्यांनी जिन्याकडे मान केली.

"ते तसंही कापणारच आहेत."

वहिनींनी शर्टाला इस्त्री केली. फार चांगली केली. त्या रागावल्या की इस्त्री चांगली व्हायची.

मुलाखतीच्या सकाळी दहा वाजता धाकटे तो पांढरा शर्ट घालून, भांग पाडून, प्रमाणपत्रांची फाइल काखेत धरून जिना उतरायला लागले. मशीनपाशी वळसा घालायला आडवे झाले तर पलीकडून आणखी एक माणूस आडवा होऊन येत होता. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी, श्वास फुललेला.

"मी म्हटलं नव्हतं, खरंच येईन म्हणून," मालक म्हणाले.

अडीच मजले चढायला त्यांना पाऊण तास लागला होता. मशीनवर टेकून त्यांनी दम घेतला. मग त्यांनी अडकवलेल्या छत्र्या काढून कठड्याला लावल्या. पेपर बाजूला केले. चाक हातानं थोडं फिरवलं, कान लावून ऐकलं.

"छापलंस काय?"

"अजून काही नाही."

"का?"

"परवानगी यायचीय."

"कुणाची?"

"माझीच," धाकटे म्हणाले. "म्हणजे, तिथं मी असतो."

मालकांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. सुट्टीत एखादा खिळा चुकीच्या खणात पडला की बघायचे तसं. "वर न्यायचं होतं, नेता आलं नाही. मग?" ते म्हणाले. "मशीनला मजला लागतो असं कोण म्हणालं? त्याला उजेड लागतो. तो इथं आहे."

खिडकीतून ऊन थेट मशीनच्या तबकडीवर पडलं होतं. चार महिने ते तिथंच पडत होतं.

धाकट्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. निघायला हवं होतं. मालकांचे पाय एकदा खाली उतरले की पुन्हा वर चढणार नव्हते, हेही दिसत होतं. संध्याकाळी कटर घेऊन भंगारवाला यायचा होता. धाकट्यांनी फाइल पायरीवर ठेवली आणि वर तोंड करून म्हणाले, "अहो, ऐकता का? पलंगाखालची चौकट."

वहिनींनी ती एवढ्या लवकर आणली की त्या ती घेऊन दारातच उभ्या असाव्यात.

मग जे झालं ते इमारत पुढं कित्येक वर्षं सांगत राहिली, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात सर्वांत महत्त्वाचं काम त्याचं स्वतःचं होतं. मास्तरांनी अखेर तेल घातलं, सगळीकडे. मालकांनी डबीतून शाई काढून तबकडीवर लावली. चौकट मशीनमध्ये बसवली. पण पायटा मारायचा आणि त्याच वेळी हातानं कागद सरकवायचा हे धाकट्यांना जमेना. पाय निघाला की हात थांबे, हात निघाला की पाय.

"सरका," टेलरकाकू म्हणाल्या. "पाय माझा. तुम्ही कापड धरा."

"कागद आहे तो."

"तेच ते. बोटं सांभाळा."

त्यांनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि पायटा दाबला. चाक कुरकुरलं. फिरलं. शाईचे रूळ तबकडीवरून खाली आले, अक्षरांवरून गेले. सबंध जिना हलल्यासारखा वाटला, आणि मग तो ठेका आला. शाळेसमोरचा, उंबऱ्यावरचा. धाकट्यांची मान आपोआप हलायला लागली.

आवाज ऐकून सेक्रेटरी खाली आले. "परवानगी आली?"

"नाही."

"मग हे चालू कसं?"

धाकट्यांनी तोवर पांढऱ्या शर्टाला हात पुसले होते. ते शांतपणे म्हणाले, "अर्ज ठेवण्याबद्दलचा आहे. चालवण्याबद्दल त्यात काहीही लिहिलेलं नाही. मी तपासलाय. आणि त्रुटींना अर्जदाराचं उत्तर येईपर्यंत प्रकरण प्रलंबित असतं, तोवर वस्तू जागेवरून हलवता येत नाही. नियम बावन्न. तुम्ही हलवलीत तर तुमच्याकडून खुलासा मागवावा लागेल."

"कोण मागवणार?"

"मीच."

सेक्रेटरी वर गेले. मग पुन्हा खाली आले आणि एका पायरीवर बसून बघू लागले.

ऑफिसात पुढं काय झालं तेही आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. त्रुटी विभागाची खोली टेबल क्रमांक चारला मिळाली. मोठे साहेब धाकट्यांशी दोन वर्षं बोलले नाहीत. धाकटे निवृत्तीपर्यंत टेबल क्रमांक सातवरच राहिले. लोकांना पाठवायच्या पत्रांत मनचं घालणं त्यांनी बंद केलं आणि नकाशाच्या तिसऱ्या प्रतीवाचून पुष्कळ अर्ज निघून जाऊ लागले. एकाच अर्जदाराशी मात्र ते अखेरपर्यंत कडक वागले. दर सहा महिन्यांनी स्वतःच्या अर्जात ते एक नवी त्रुटी शोधून काढायचे, ती स्वतःला कळवायचे, आणि उत्तराला मुदतवाढ द्यायचे. प्रकरण एकोणीस वर्षं प्रलंबित राहिलं. तेवढ्या काळात त्या जिन्यात तेवीस गोष्टी छापून झाल्या, मग आणखी अकरा. वर जाणारा आणि खाली येणारा प्रत्येक जण येताजाता पायट्यावर चार पाय मारून जायचा. कुणासाठी लिहिल्यात हे कळलं नाही असं कुणीच म्हणालं नाही. पुढं इमारत पाडली तेव्हा मशीन न्यायला आधी जिना पाडावा लागला.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी साडेअकराला, मुख्य कचेरीत कुणीतरी धाकट्यांचं नाव पुकारत असताना, मशीननं पहिला कागद बाहेर दिला. धाकट्यांनी तो दोन बोटांत धरून मालकांपुढे केला. पायटा थांबला.

मालकांनी गोष्ट वाचली नाही. पोस्टमनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कागद उलटा करून त्यांनी डोळे मिटले आणि त्याच्या पाठीवर उमटलेल्या उठावावरून अंगठा फिरवला, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"दाब जास्त होतोय," ते म्हणाले. "खालच्या गादीतला एक कागद कमी कर. आणि हं, दुसरा काढ."

धाकट्यांनी दुसरा काढला.